गेटवर आवरतो तो राग घरी का सुटतो?

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

"मी 41 वर्षांचा असून नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात चौदा वर्षांपासून नोकरीला आहे. सध्या डिस्पॅच इन्चार्ज, म्हणजे माल रवाना करणाऱ्या विभागाचा प्रमुख, आहे. आठवड्याचे सहा दिवस काम असते. दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, नेमक्या गाड्या लागलेल्या असताना, साहेब आढावा बैठक घेतात. विक्री विभागाच्या चुकांचा जाब तिथे मला विचारला जातो, आणि आमच्या विभागाने शोधलेला तोडगा साहेब वरच्यांना स्वतःचा म्हणून सांगतात. तोवर कंपनीची बस निघून जाते, मग वर्धा रोडने दुचाकीवर बेशाला घरी पोहोचेपर्यंत साडेआठ-नऊ होतात. पत्नी सिव्हिल लाइन्समधील एका शासकीय कार्यालयात आहे, तिला शनिवार-रविवार सुटी असते. मी आत शिरताच ती आठवड्याची साचलेली कामे सांगू लागते आणि माझा तोल जातो. मागच्या शनिवारी मी हातातला स्टीलचा पेला भिंतीवर आदळला. मला कसलेही व्यसन नाही, मी कोणावर कधी हात उगारलेला नाही, कारखान्यात ड्रायव्हर तीन तास उशिरा आला तरी माझा आवाज चढत नाही, पण घरी राग आवरत नाही. सहावीत शिकणारी मुलगी माझ्या गाडीचा आवाज आला की 'आई, बाबा येऊन राहिले, टीव्ही बंद कर' असे म्हणते, हे मला माझ्या आईकडून कळले. आई आमच्याकडेच राहते, तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया व्हायची आहे. रविवार झोपण्यात आणि कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे निरोप वाचण्यात जातो. मेहुण्याचे इतवारीत हार्डवेअरचे दुकान आहे, तो भागीदारीत बोलावतो आहे. नोकरी सोडावी का?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राचा शेवट नोकरीच्या प्रश्नाने होत असला, तरी त्याचे उत्तर मी सर्वांत शेवटी देणार आहे, कारण त्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य वेगळेच आहे आणि ते तुम्ही स्वतःच्या बाजूचा पुरावा म्हणून लिहिले आहे. ड्रायव्हर तीन तास उशिरा आला तरी तुमचा आवाज चढत नाही, असे तुम्ही म्हणता आणि लगेच पुढे घरी राग आवरत नाही, असेही म्हणता. ही दोन्ही विधाने एकत्र वाचली, तर दुसरे खरे ठरत नाही. राग तुम्हाला आवरता येतो. सोमवारपासून शनिवारपर्यंत, भर उन्हात, गेटवर उभ्या असलेल्या गाड्या, न आलेले हमाल आणि चुकीचे निघालेले बिल यांच्यामध्ये उभे राहून तुम्ही तो आवरताच. ट्रान्सपोर्टरशी भांडण झाले तर पुढच्या खेपेला गाडी मिळणार नाही, साहेबांपुढे आवाज चढवला तर वेतनवाढ अडेल, हे तुम्हाला पक्के ठाऊक असते. घरी मात्र त्याची किंमत त्याच दिवशी वसूल होत नाही, म्हणून सहा दिवस धरून ठेवलेला राग तिथे सोडला जातो. तुम्ही हे ठरवून करता असे मी म्हणत नाही, परंतु ज्या माणसाला आपला राग कुठे परवडतो आणि कुठे परवडत नाही हे इतके अचूक कळते, त्याने 'तोल जातो' या शब्दांआड उभे राहू नये, असे मला वाटते.

पेल्याविषयी स्पष्ट लिहिते. कोणावर हात उगारलेला नाही, असे तुम्ही नमूद केले आहे आणि त्यावर मी विश्वास ठेवते. तथापि भिंतीवर आदळलेली वस्तू पाहणाऱ्या मुलीच्या मनात पुढची वस्तू कुठे जाईल हा प्रश्न उभा राहतो, आणि तुमच्या गाडीचा आवाज ऐकून टीव्ही बंद करायला सांगणारी मुलगी त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या परीने शोधते आहे. तुम्ही दारू पीत नाही, या गोष्टीने तिच्या बाजूने काहीही बदलत नाही. म्हणून पहिले काम क्षमा मागण्याचे आहे, आणि ती पत्नीची वेगळी व मुलीची वेगळी मागावी. मुलीशी बोलताना साहेब, बैठक, वाहतूक यांपैकी कशाचाही उल्लेख करू नका. 'मी पेला फेकला, ते चुकीचे होते, त्यात तुझा किंवा आईचा काही दोष नव्हता' एवढेच तिला सांगावे. त्यानंतर लगेच तिने तुमच्याशी पूर्वीसारखे वागावे अशी अपेक्षा धरू नये. ती काही आठवडे टीव्ही बंद करीतच राहील.

तुमच्या आईंविषयीही एक गोष्ट सांगावीशी वाटते. तुमच्या पत्रात तसे नाही, पण अशा घरांत बहुधा आई मध्ये पडते आणि 'दमून येतो बिचारा, त्याला काही म्हणू नको' असे सुनेला सांगते. तसे घडत असेल, तर तुमची बाजू घेऊ नये अशी विनंती आईंना तुम्हीच करावी. त्यांच्या मायेपोटी तुमच्या पत्नीला दर शनिवारी दोन माणसांना तोंड द्यावे लागते.

आता पत्नीकडे वळते. तुमच्या मूळ पत्राचा मोठा भाग साहेब, विक्री विभाग आणि बैठका यांनी व्यापलेला आहे, तर पत्नीच्या आठवड्याविषयी त्यात 'तिला शनिवार-रविवार सुटी असते' हे एकच वाक्य आहे. राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा 29 फेब्रुवारी 2020 पासून लागू झाला, पण त्याच्या बदल्यात रोजच्या कामात 45 मिनिटांची भर पडली आणि कार्यालय सुटण्याची वेळ सव्वासहावर गेली. म्हणजे सोमवार ते शुक्रवार तुमच्या पत्नी सिव्हिल लाइन्समधून निघून बेशाला पोहोचतात तेव्हा सात वाजून गेलेले असतात आणि स्वयंपाक त्यानंतर सुरू होतो. मग शनिवारी, तुम्ही ज्याला सुटी म्हणता त्या दिवशी, आईंना डॉक्टरांकडे नेणे, आठवड्याची भाजी, कपडे, मुलीचा अभ्यास, पाहुण्यांचे फोन हे सारे होत असते. बँकेचे काम त्या दिवशी उरकावे म्हटले, तर 2015 च्या सप्टेंबरपासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देतात आणि असे काम करणारे पुरुष 97 मिनिटे देतात, असे आढळले होते. तुमच्या घरातला हिशेब याहून बरा असेल तर आनंदच आहे, पण एकदा तो प्रामाणिकपणे मांडून पाहावा. रात्री नऊ वाजता पत्नी दारातच कामांची यादी सांगतात, ती तुम्हाला छळण्यासाठी खचितच नसते. सहा दिवसांत तुमच्याशी सलग दहा मिनिटे बोलण्याची संधी त्यांना दुसरी मिळत नसावी, आणि त्यांचाही आठवडा त्याच घटकेला संपत असतो.

म्हणून शनिवारी रात्री घरातला कोणताही विषय निकालात काढायचा नाही, असे दोघांनी मिळून ठरवावे. मात्र हा नियम तुमच्या सोयीचा हुकूम होऊ नये. साहेब घरी आले, आता सर्वांनी गप्प बसावे, असे त्याचे रूप झाले तर मुलीचा टीव्ही बंद करण्याचा नियमच तुम्ही घरभर लागू केलात असे होईल. तो न्याय्य व्हायचा असेल, तर कामांच्या यादीसाठी दुसरी वेळ आधी तुम्ही द्यायला हवी. बुधवारी किंवा गुरुवारी जेवणानंतर अर्धा तास दोघांनी बसावे, शस्त्रक्रियेची तारीख, शाळेची फी, लग्नाचे आमंत्रण, नळाची दुरुस्ती जे असेल ते लिहून काढावे, आणि प्रत्येक कामापुढे दोघांपैकी एकाचे नाव घालावे. वीज देयक आणि गॅस यांसारखी फोनवरून होणारी कामे तुम्ही कायमची आपल्याकडे घ्यावीत, म्हणजे ती यादीत येणारच नाहीत. शनिवारी घरी आल्यावर आधी आंघोळ, मग जेवण, आणि बोलायचे झाल्यास बोलणे त्यानंतर. दुपारी एकच्या डब्यानंतर पोटात काही नसलेला माणूस, ट्रकांच्या रांगेतून दुचाकी हाकत आलेला असताना, कोणत्याही सूचनेला चांगले उत्तर देऊ शकत नाही, ही गोष्ट इतकी साधी आहे की सल्ला म्हणून लिहायलाही संकोच वाटतो. निघण्यापूर्वी कँटीनमध्ये काहीतरी खाऊन निघत जा.

एवढे करूनही मूळ कारण शिल्लक राहतेच, आणि ते कारण खरे आहे. तुमच्यावर अन्याय होतो आहे, यात मला शंका नाही. शनिवारी पाच वाजता डिस्पॅच विभागाच्या प्रमुखाला गेटवरून उठवून बैठकीत बसवणे हे कामाच्या दृष्टीनेच चुकीचे आहे, आणि साहेबांशी बोलताना तुम्ही नेमका तोच धागा धरावा. तुमचा अपमान, तुमची चुकलेली बस, तुमचे घर यांविषयी बोललात, तर ते सहानुभूती दाखवतील आणि बैठक पाचलाच ठेवतील. कंपनीच्या पैशांविषयी बोललात, तर ऐकतील.

त्यासाठी तुमच्या हाताशी भरपूर साहित्य आहे. मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या शनिवारांची नोंद काढा: किती गाड्या बैठक संपेपर्यंत लोडिंगविना उभ्या राहिल्या, ट्रान्सपोर्टरने हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे, किती पैसे लावले, किती माल सोमवारवर गेला. ई-वे बिलाचा, म्हणजे मालाच्या वाहतुकीसाठी जीएसटीखाली ऑनलाइन काढाव्या लागणाऱ्या बिलाचा, मुद्दाही यात घाला, कारण साध्या मालासाठी दर 200 किलोमीटरमागे एक दिवस एवढीच त्याची मुदत असते आणि गाडीचा क्रमांक भरून झाल्यावर ती मुदत गाडी उभी राहिली म्हणून थांबत नाही. शनिवारी घाईत बिल काढून रात्रभर आवारात राहिलेली गाडी रविवारी वाटेत अडली, तर दंडाचा आणि मुदतवाढीचा त्रास कोणाला होतो, हे साहेबांना आकड्यांत दिसले पाहिजे. मग दोन मागण्या एका पानावर लिहा. विक्री विभागाने शनिवारी निघणाऱ्या मालाची यादी शुक्रवारी दुपारी चारपर्यंत द्यावी, त्यानंतर आलेली मागणी सोमवारच्या गाडीत जाईल. आणि आढावा बैठक शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी सकाळी, गाड्या लागण्यापूर्वी घ्यावी. हे पान मंगळवारी वा बुधवारी, साहेब एकटे असताना द्यावे आणि त्याच दिवशी ईमेलनेही पाठवावे. शनिवारच्या बैठकीत, चार जणांसमोर, दुखावलेल्या मनःस्थितीत ते मांडू नये. चौदा वर्षे तिथे काढलेल्या माणसाला त्याच्या साहेबांची कोणत्या वारी काय मनःस्थिती असते हे मी सांगण्याची गरज नाही.

श्रेय घेण्याविषयी मात्र मी फार आशा दाखवणार नाही. जे साहेब हाताखालच्या माणसाचा तोडगा स्वतःचा म्हणून सांगतात, ते एका संभाषणाने सुधारत नाहीत. त्यावर उपाय एवढाच की तोडगा तोंडी सांगणे बंद करावे. जे सुचले ते दोन ओळींत लिहून, संबंधित विभागांना प्रत देऊन, आधीच पाठवले असेल, तर बैठकीत कोण काय म्हणाले याला फारसे महत्त्व राहत नाही. विक्री विभागाच्या चुकांबाबतही हेच लागू आहे. यादी किती वाजता आली याची वेळेसह नोंद असेल, तर जाब योग्य माणसाकडे आपोआप वळतो. असे कागद ठेवणारा माणूस कार्यालयात थोडा रूक्ष वाटतो, पण घरी येताना त्याच्या डोक्यात कमी वाद चालू असतात.

कायद्याचा आधार घेता येईल का, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. आठवड्याला 48 तास आणि सात दिवसांत एक दिवस सुटी ही मर्यादा कामगारांसाठी आहे, परंतु देखरेखीच्या वा व्यवस्थापकीय पदावरच्या माणसाला कामाच्या तासांचे ते संरक्षण सहसा मिळत नाही, आणि इन्चार्ज या पदनामामुळे कंपनी तुम्हाला बहुधा त्याच गटात धरत असेल. कार्यालयीन वेळेनंतर फोनला उत्तर न देण्याचा हक्क मिळावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते, पण त्याचा कायदा झालेला नाही. त्यामुळे रविवारच्या व्हॉट्सॲप निरोपांची वाट तुम्हालाच काढावी लागेल. गाडीला अपघात झाला, माल अडला, अशा वेळी फोन करावा, बाकीचे निरोप मी रविवारी संध्याकाळी सहा वाजता एकदाच पाहीन, असे ग्रुपवर न लिहिता साहेबांना समक्ष सांगा आणि मग तसे वागा. दोन-तीन रविवार कुरकुर होईल. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करून वर्षानुवर्षे झगडल्यावर 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरण्यांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली, आणि आज आपणच ती सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या फोनवर परत करून टाकतो, याची मला खंत वाटते.

रविवारच्या झोपेबद्दल माझी तक्रार नाही, पण नुसत्या झोपेने तुमचा आठवडा भरून निघत नाही हे तुम्हीच अनुभवता आहात. साबिने झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ या मानसशास्त्रज्ञांनी 2007 मध्ये कामाच्या थकव्यातून माणूस कशाने सावरतो याच्या चार बाजू मांडल्या होत्या: कामापासून मनाने सुटणे, विश्रांती, काही नवे शिकणे किंवा हाताने करणे, आणि आपल्या वेळेवर आपला ताबा असणे. तुमच्या रविवारात यांपैकी फक्त विश्रांती आहे, आणि फोन हातात असल्यामुळे तीही अर्धीच. सकाळी आठला उठून मुलीला घेऊन तर्री पोहे खायला जा, तिथून भाजी घेऊन या, म्हणजे पत्नीला दोन तास कोणी काही न मागता मिळतील. अंबाझरीला किंवा फुटाळ्यावर चक्कर मारायची की घरी सायकल दुरुस्त करायची, हे मुलीला ठरवू द्यावे. तिच्याशी 'मन मोकळे' करण्याचा प्रयत्न त्या वेळी करू नका, सहावीतल्या मुलांना तो फार अवघड जातो. नुसते बरोबर असावे.

यातले सर्व करूनही पुन्हा एखादी वस्तू फेकली गेली, किंवा पत्नी वा मुलगी तुम्हाला घाबरते असे दिसत राहिले, तर पुढच्या शनिवारची वाट न पाहता मदत घ्यावी. टेली-मानस ही शासनाची मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागातही दाखवता येईल. रागावर इलाज करून घेणाऱ्याला वेडा समजण्याचे दिवस नागपुरात अजून पुरते सरले नाहीत, हे मला माहीत आहे, तरीही जावे. आणि पत्नीला कधी धोका वाटला, तर महिलांसाठीचा 181 हा क्रमांक त्यांना ठाऊक असावा. तो तुम्ही स्वतः त्यांना दिलात, तर तुमच्या क्षमायाचनेला वजन येईल.

आता दुकान. शनिवारी रात्री घेतलेला कोणताही निर्णय सोमवारी पुन्हा तपासावा, आणि हा निर्णय तर अनेक सोमवार तपासावा. इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानातही उशिरा येणाऱ्या गाड्या असतात, उधारी थकवणारे कंत्राटदार असतात, आणि तिथे साहेबांच्या जागी मेहुणा असेल, म्हणजे कामावरचे भांडण घरी नेण्यासाठी पंचवीस किलोमीटरांचे अंतरही उरणार नाही. भागीदारीच्या आधी दिवाळीच्या तोंडावर आठवडाभर रजा घेऊन त्या गल्ल्यावर बसून पाहा. घाई करण्याचे आर्थिक कारणही दिसत नाही. सलग सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त असल्याने राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते, पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराप्रमाणे, आणि भविष्य निर्वाह निधीही कुठे जात नाही. जाईल तो कंपनीचा मेडिक्लेम. त्यात आईंचे नाव असेल, तर गुडघ्याची शस्त्रक्रिया आटोपेपर्यंत राजीनाम्याचा विषय काढूच नये, कारण या वयात नव्याने घेतलेल्या विम्यात आधीपासून असलेल्या दुखण्याला बहुतेक वेळा प्रतीक्षाकाळ लावतात. शस्त्रक्रियेनंतर, आणि साहेबांना दिलेल्या त्या पानाचे काय झाले हे पाहिल्यावर, दुकानाचा जमाखर्च मेहुण्याकडून लेखी मागून घ्या आणि तो आधी पत्नीपुढे ठेवा. दुकान त्यांच्या भावाचे आहे, आणि तुम्ही नोकरी सोडलीत तर पहिले वर्षभर घर त्यांच्या पगारावर चालणार आहे. तेव्हा होय किंवा नाही म्हणण्याचा पहिला हक्क त्यांचा राहील.